मेंदूची कॉपी काढली तर तो माणूस तोच का? हा वाद आला कुठून

गेल्या महिन्यात भाच्याला नवा फोन घेतला. बेळगावच्या टिळकवाडीतल्या दुकानात बसून जुन्यातलं सगळं नव्यात घेतलं, फोटो, चॅट, पहाटेचा अलार्मसुद्धा, आणि पोरगं तिथंच विचारतंय, "मामा, माणसाच्या डोक्यातलं असंच दुसरीकडं घेतलं तर तो मीच, का दुसरा कोण?" तेव्हा हसून सोडलं, पण नंतर हुडकत बसलो तर हा प्रश्न कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा निघाला की.

आपल्याकडं विक्रम-वेताळाच्या गोष्टीतच तो आहे. एका बाईचा नवरा आणि भाऊ, दोघांची मुंडकी तुटलेली, देवीच्या कृपेनं जोडताना बायकोच्या हातून अदलाबदल होते, आता नवरा कुठला? विक्रम म्हणतो, डोकं ज्याचं तो. विषय संपला. पण गिरीश कर्नाडांनी संपवला नाही (धारवाडात शिकलेला माणूस, म्हणजे आमच्यापासून जेमतेम दोन तास). त्यांच्या १९७१ च्या 'हयवदन' या कन्नड नाटकात डोकं हळूहळू शरीराला आपल्यासारखं करून घेतं खरं, तरी शरीराला स्वतःच्या आठवणी राहतातच. मला हे विक्रमाच्या निकालापेक्षा जास्त पटतं.

वेताळाच्याही आधी, मिलिंद राजानं नागसेन या बौद्ध भिक्षूला विचारलं होतं की पुन्हा जन्मणारा तोच असतो का वेगळा. नागसेन म्हणाला, तोच नाही आणि वेगळाही नाही, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणायची का, तसं.

युरोपात हा वाद नीट पेटवला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं, १६९४ मध्ये, आपल्या जुन्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत नवं प्रकरण घालून. राजपुत्राचा जीव सगळ्या आठवणींसकट चांभाराच्या अंगात गेला तर लोकांना तो चांभारच दिसणार, पण व्यक्ती म्हणून तो राजपुत्र. म्हणजे आठवण आहे तिथं माणूस. थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७८५ मध्ये त्यातली खोच काढली. लहानपणी बाग लुटली म्हणून मार खाल्लेला पोरगा पुढं शूर अधिकारी झाला, नंतर जनरल. अधिकाऱ्याला मार आठवतो, जनरलला अधिकारी असतानाचं आठवतं पण मार साफ विसरलाय. मग जनरल हा तो पोरगा आहे पण आणि नाही पण!

आता बघा, इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टींत माणूस एकाचे दोन होत नाही. जीव इकडून तिकडं जातो, डोकी बदलतात, पण हिशोब शेवटी जुळतो. खरी पंचाईत दोन झाल्यावर. वस्तूंच्या बाबतीत ते थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञानं १६५५ मध्येच मांडलं होतं, जहाजाची एकेक फळी बदलत गेले आणि जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं तर मूळ कुठलं. माणसाच्या बाबतीत पुन्हा रीडच, १७७५ मधल्या एका पत्रात तो विचारतो की माझ्या मेंदूच्याच मालातून शेकडो वर्षांनी असे दोन-तीन जीव बनवले तर ते सगळे मीच का? अडीचशे वर्षं झाली ह्याला, तेव्हा साधी झेरॉक्स पण नव्हती.

मग १९५६-५७ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सचा लेख. (त्याच १९५६ मध्ये आमचं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, घर तेच, माणसं तीच, पत्ता बदलला. योगायोगच, पण आमच्याकडं 'तेच का दुसरं' हा विषय चहाच्या टपरीवरचा आहे.) विल्यम्सचा चार्ल्स नावाचा माणूस एक दिवस उठून सांगतो की मी गाय फॉक्स, १६०५ मध्ये इंग्लंडची पार्लमेंट उडवायच्या कटातला, आणि आठवणी सगळ्या बरोब्बर. ठीक. पण त्याचा भाऊ रॉबर्ट पण तेच सांगायला लागला तर? दोघंही गाय फॉक्स असू शकत नाहीत, आणि एकाला निवडायला कारण नाही, म्हणजे एकटा चार्ल्स असतानाही नुसत्या आठवणीवर त्याला गाय फॉक्स म्हणणं कच्चंच होतं.

१९८४ मध्ये डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञानं मंगळावर पाठवणारं मशीन कल्पिलं. इथलं शरीर स्कॅन होऊन नष्ट, तिकडं हुबेहूब तयार. पण नवीन मशीन इथलं नष्ट करत नाही, उलट इथल्याचं हृदय खराब झालंय, थोड्या दिवसांचा सोबती, आणि तो मंगळावरच्या स्वतःशी बोलतोय. पारफिटचं म्हणणं, 'तो मीच का' हा प्रश्नच आपण उगाच एवढा मोठा धरलाय, मन पुढं चालू राहिलं हे महत्त्वाचं. बुद्धाला हे पटलं असतं असंही त्यानं लिहिलंय, म्हणजे फिरून नागसेनाच्या दिव्यापाशीच. मला मात्र तो इथं राहिलेला माणूस सोडवत नाही. त्याला काय सांगायचं, तिकडं तू बरा आहेस?

खरोखरची कॉपी अजून लांब आहे. ३०२ मज्जापेशींच्या एका जंताची जोडणी १९८६ मध्ये छापली गेली, फळमाशीच्या आख्ख्या मेंदूची, सुमारे १ लाख ३९ हजार पेशींची, २०२४ मध्ये. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. आणि जोडणीचा नकाशा मिळाला म्हणजे मन चालू झालं असंही नाही.

भाच्याचा जुना फोन आईला दिलाय, पुसायचा राहिला. रोज पहाटे साडेपाचला दोन्हीकडं एकदमच अलार्म वाजतोय.