कामाची हत्यारं, मशिनी चोरीला गेल्या? एफआयआरपासून मुद्देमाल परत मिळेपर्यंतची प्रोसेस, कोण तक्रार देऊ शकतं आणि कुठले कागद लागतात

साइटवरून ड्रिल मशीन, ग्राइंडर, मार्बल कटर असं काही गेलं की सुतार असो, वायरमन असो, प्लंबर किंवा फॅब्रिकेटर, बरेच जण वॉचमनशी भांडतात, मुकादमाला बोलतात आणि उधारीवर नवीन मशीन आणून दुसऱ्या दिवशी कामाला लागतात, कारण पोलीस स्टेशनला गेलं तर एक खाडा पडणार आणि मिळणार तर काहीच नाही असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण तक्रारच नसेल तर उद्या पोलिसांनी चोर पकडला आणि त्याच्याकडे वीस मशिनी सापडल्या तरी त्यातली तुमची कुठली हे कुणालाच कळणार नाही, आणि विमा असेल तर तोही हातचा जाणार. म्हणून ही सगळी प्रोसेस नीट लिहितोय. महाराष्ट्रात काम करणाऱ्यांसाठी आहे, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झालेत म्हणजे भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तेव्हा जुन्या दंड संहितेतलं चोरीचं कलम ३७९ वगैरे विसरा.

आधी तक्रार कोण देऊ शकतं ते बघू, कारण इथेच खूप जण अडतात. मशीन शेठच्या नावावर आहे, बिल शेठचं आहे, मग मी कसा जाऊ? तर जाऊ शकता. कायद्यात चोरी म्हणजे एखाद्याच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय वस्तू नेणं, त्यामुळे मशीन ज्याच्या ताब्यात होतं तो कामगारही तक्रार देऊ शकतो, भाड्याने आणलेलं ब्रेकर मशीन असेल तरी तुम्हीच देऊ शकता. फक्त मालक कोण हे जबाबात स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे पुढे वस्तू परत घेताना गोंधळ होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोलीस ठाण्यात गेल्यावर तुमच्या हातात तीन वेगवेगळे कागद पडू शकतात आणि तिघांची किंमत सारखी नाही. एक म्हणजे हरवल्याचा किंवा गहाळ झाल्याचा दाखला, जो ऑनलाइन पण मिळतो, पण तो चोरीसाठी नाहीच, त्यावर तपास होत नाही. दुसरा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आणि तिसरा एफआयआर, म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर, यावर पोलीस स्वतः तपास करू शकतात, आपल्याला हवा तो हा.

एनसी की एफआयआर हे बऱ्याचदा किमतीवर ठरतं. साधी चोरी न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये येते, शिक्षा ३ वर्षांपर्यंत, पण वस्तूची किंमत ५ हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर ती अदखलपात्र होते. त्यामुळे "एक ड्रिल गेलं साहेब" एवढं सांगून मोकळं होऊ नका. त्या बॅगेत ड्रिल होतं, बिट सेट होता, पाने होते, मल्टिमीटर होता, लेव्हल होती, चार्जर आणि दोन बॅटऱ्या होत्या, हे सगळं एकेक करून किमतीसकट लिहा, खरी किंमत लिहा, वाढवून नको पण विसरूनही नको. एकेका वस्तूची किंमत किरकोळ वाटते, बेरीज केल्यावर कळतं केवढ्याचा माल गेला.

दुसरं म्हणजे चोरी कुठून झाली ते. माल ठेवायला वापरलेल्या गाळ्यातून, खोलीतून किंवा राहत्या घरातून गेलं असेल, नाहीतर मालवाहू टेम्पोतून काढून नेलं असेल, तर कलम ३०५ लागू शकतं, त्यात शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे आणि ते ५ हजारांचं बंधन तिथे नाही. कुलूप तोडून आत शिरले असतील तर घरफोडीचं कलम वेगळं लागतं. आपल्याच कामावरच्या माणसाने नेलं असेल तर ३०६. कलम कुठलं लावायचं ते पोलीस ठरवतात, पण "साइटवरून गेलं" आणि "साइटवरच्या कुलूप लावलेल्या स्टोअर रूममधून कुलूप तोडून गेलं" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो जबाबात तुम्हीच सांगायचा असतो. जबाब वाचून मगच सही करा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

कागद काय लागतात? आधार किंवा दुसरं कुठलंही ओळखपत्र, वस्तूंची यादी (कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, रंग, ओळखीची खूण, अंदाजे कधी घेतली), असतील ती बिलं, फोटो, आणि साइटचा पत्ता, शेवटचं कधी पाहिलं आणि चोरी कधी लक्षात आली त्या वेळा. बिल नाही म्हणून एफआयआर घेत नाही असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही, एफआयआरसाठी बिलाची अट कायद्यात कुठेच नाही. बिल पुढे लागतं, वस्तू सोडवताना आणि विम्याला. बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडून डुप्लिकेट काढा, ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डर हिस्टरीत मिळेल, वॉरंटी रजिस्टर केली असेल तर कंपनीकडे सिरियल नंबर असतो, यूपीआयने पैसे दिले असतील तर बँक स्टेटमेंट. चोरीच्या जागेला पंचनामा होईपर्यंत हात लावू नका, तुटलेल्या कुलपाचा फोटो काढा पण उचलू नका. आजूबाजूच्या दुकानात, सोसायटीत सीसीटीव्ही असेल तर लगेच सांगा, फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

साइट एका हद्दीत आणि तुम्ही राहता दुसरीकडे, तरी जवळच्या कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीची अडचण काढून टाकलीय, ते स्वतः योग्य ठाण्याला पाठवतात. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पण माहिती देता येते पण मग ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, ते राहिलं तर एफआयआर म्हणून ते नोंदवलंच जात नाही. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, कुणी पैसे मागायचा संबंधच नाही. काही वेळा डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करतात आणि मग गुन्हा नोंदवतात, हे ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांना लागू आहे, त्यामुळे तसं सांगितलं तर ते टाळताहेतच असं नाही, पण तारीख लिहून ठेवा. घेतच नसतील तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना (शहरात पोलीस आयुक्तालयाला) पोस्टाने पाठवा, रजिस्टर्ड पोस्टाची पावती जपा, त्यानेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आणि एफआयआर झाल्यावर तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

बॅगेत मोबाइल पण गेला असेल तर एफआयआरची कॉपी घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) ब्लॉक करून टाका, ते काम वेगळं आहे.

वस्तू सापडली तर काय, हे फार कमी जणांना माहीत असतं. पोलीस ओळख पटवायला बोलावतात, आणि खरी परीक्षा तिथे असते. समोर एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे पाच ग्राइंडर ठेवलेत, सगळ्यांवर तसलीच धूळ आणि ग्रीस. नंबरची प्लेट बॉडीवर छोटीशी असते, रोजच्या वापराने ती घासून जाते, म्हणून मशीन नवीन असतानाच कापडाने पुसून तिचा जवळून फोटो काढायचा आणि स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर पाठवून ठेवायचा. बॅटरीचा नंबर वेगळा असतो, तोही घ्या. नाव कोरायचं तर गार्डवर किंवा हँडलवर नको, ते स्क्रू काढला की निघतं, मेन बॉडीवर कोरा, आणि दुसरी एक बारीक खूण अशा जागी करा जी तुम्हालाच माहीत असेल. एफआयआरमध्ये ती खूण लिहिलेली असेल तर ओळख पटवताना कुणी प्रश्नच विचारत नाही.

पण ओळख पटली म्हणजे लगेच उचलून आणता येत नाही, तो मुद्देमाल असतो, म्हणजे केसमध्ये जप्त केलेली वस्तू. त्यासाठी कोर्टात अर्ज करायचा, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ किंवा ५०३ खाली, केस कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर. सोबत एफआयआरची कॉपी, ओळखपत्र, बिल किंवा मालकीचा दुसरा पुरावा, प्रतिज्ञापत्र, आणि मशीन शेठचं असेल तर शेठने स्वतः अर्ज करायचा किंवा अधिकारपत्र द्यायचं. कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा से (म्हणणं) मागवतं, मग बंधपत्र घेऊन वस्तू सुपूर्दनाम्यावर, म्हणजे केस संपेपर्यंत सांभाळायच्या अटीवर देतं. आदेश घेऊन ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाकडे जायचं. केस संपेपर्यंत ते मशीन विकायचं नाही, ओळखू येणार नाही असं बदलायचं नाही, बोलावलं की कोर्टात दाखवायचं, पण वापरता येतं. सुप्रीम कोर्टाने २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात सांगितलंय की अशा वस्तू ठाण्यात १५ दिवस ते १ महिन्यापेक्षा जास्त पडून राहू नयेत, फोटो आणि पंचनामा करून मालकाला द्याव्यात. कुणी "केस संपल्यावर मिळेल" म्हणालं तर अर्जात हा निकाल लिहा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना वकील फुकट मिळतो, हेल्पलाइन १५१००.

विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोन करून आणि ईमेलने पण. क्लेम फॉर्म, एफआयआर, पंचनामा, बिलं, आणि शेवटी पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. चोर सापडला नाही तर आपल्याकडे अ समरी होते, म्हणजे गुन्हा खरा आहे पण छडा लागला नाही, विमावाले बऱ्याचदा त्याच कागदासाठी थांबतात, तेव्हा ठाण्यात त्याचा पाठपुरावा करत राहा. पॉलिसी घेतानाच एक बघून घ्या, बर्गलरी (घरफोडीच्या) पॉलिसीत साधारणपणे जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात, उघड्या साइटवरून अलगद उचलून नेलेलं त्यात बसत नाही आणि कामगाराने नेलेलं पण बहुतेक वेळा वगळलेलं असतं. शिवाय २ लाखांची हत्यारं असताना १ लाखाचाच विमा काढला तर क्लेम पण त्याच प्रमाणात कापला जातो.

पीएम विश्वकर्मा योजनेतून १५ हजारांपर्यंतचं टूलकिट मिळालेलं चोरीला गेलं तर परत मिळेल का असं बरेच जण विचारतात. ते एकदाच मिळतं. योजनेतलं कर्ज घेतलं नसेल तर ते मात्र बघता येईल, पहिला टप्पा १ लाखापर्यंत, व्याज ५ टक्के.

सेकंडहँड मशीन घेताना बिल किंवा निदान विकणाऱ्याच्या सही-आधारकार्डासकट पावती घ्या. चोरीचा माल माहीत असून घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि माहीत नसलं तरी पोलीस मशीन जप्त करून नेतातच, पैसे जातात ते वेगळे. भंगारवाल्याकडे नवंकोरं ड्रिल अर्ध्या किमतीत दिसलं तर ते कुणाच्या तरी बॅगेतून गेलेलं असू शकतं, नंबर घासलेला असेल तर हातही लावू नका.