लालसर, ओलसर, खरसर

मेंदूपेक्षा पोटात मज्जातंतू जास्त असतात. पुस्तकात बघून कुणी नाही म्हणालं, तर पुढच्या वेळी पुस्तकात नको, पोटात शोधा! १७ ऑक्टोबर २००५ रोजी, नव्या कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात, अमेरिकी विनोदवीर स्टीफन कोल्बेअर अशा आशयाचं काहीतरी अगदी गंभीर चेहऱ्यानं बोलला. (मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, आतड्यांतल्या त्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत.) पुराव्यापेक्षा आतल्या आवाजावर भिस्त ठेवणाऱ्या राजकारण्यांची ती टिंगल होती. त्या वृत्तीला त्यानं नाव दिलं 'ट्रूथिनेस'.

अमेरिकन डायलेक्ट सोसायटीनं २००५ सालचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. गंमत म्हणजे ऑक्सफर्डच्या कोशात हा शब्द आधीपासून होता, एकोणिसाव्या शतकातला. अर्थ मात्र सरळ: सच्चेपणा. कोल्बेअरनं तो उलटा करून घातला.

मराठीत काय म्हणावं? 'सत्याभास' जड वाटतो. शिवाय 'आभास' म्हटलं की न्यायशास्त्रातला (म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला) हेत्वाभास, खऱ्या कारणासारखं दिसणारं फसवं कारण, आठवतो, आणि तिथे निदान चुकीचं का होईना, कारण दिलेलं असतं. इथे कारणाचा पत्ताच नाही. लाल नसलेलं पण लालकडे झुकणारं ते लालसर, तसं हे 'खरसर' म्हणावं, असं मला तरी वाटतं. (पुरावा विचारू नका.)

थट्टेतला हा शब्द पुढे मानसशास्त्राच्या शोधनिबंधांत शिरला. २०१२ साली एरिन न्यूमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना प्रसिद्ध व्यक्तींची नावं दाखवली. काहींना विचारलं, 'ही व्यक्ती जिवंत आहे, खरं की खोटं?' इतरांना विचारलं, 'ही व्यक्ती मरण पावली आहे, खरं की खोटं?' काही नावांसोबत त्या व्यक्तीचा कामात असतानाचा फोटो होता. माणूस हयात आहे की नाही, हे त्या फोटोवरून कळायला काहीच मार्ग नव्हता. तरीही, नाव फारसं ओळखीचं नसेल तर, फोटो पाहून लोक 'खरं' म्हणण्याकडे जास्त झुकले. जिवंत म्हटलं तरी खरं, मृत म्हटलं तरी खरं!

संशोधकांच्या मते, चित्र समोर असलं की विधान डोळ्यांपुढे चटकन उभं राहतं, आणि मनाला सोपं गेलेलं ते मन खरं धरून चालतं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या औषधी पाल्याच्या मजकुरासोबत हिरव्यागार पानांचा फोटो असतोच. तो पुरावा नसतो. पानं खरी असतात, एवढंच.