मोटारीतील स्टिरिओ आणि स्पीकर घरच्या घरी बदलणे

कंपनीने गाडीत बसवून दिलेला स्टिरिओ, स्पीकर किंवा दोन्ही काढून त्यांच्या जागी सरस संच मालकाने स्वतःच्या हाताने बसवणे. दहा नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि सुट्टीचा एक दिवस एवढ्या भांडवलावर हे काम होते. बहुतेक जण सुरुवात टचस्क्रीनपासून करतात. कानाला जाणवणारा सर्वांत मोठा फरक मात्र दारात पडतो, म्हणून या नोंदीत दाराला जास्त जागा दिली आहे.

मोटारीत रेडिओ आला तो मुळात बाहेरून बसवण्याची वस्तू म्हणून. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीसाठी रेडिओ विकायला काढला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिले. युरोपात ब्लाउपुंक्टचा पहिला कार रेडिओ १९३२ चा. त्याचे वजन सुमारे १५ किलो होते. पुढे जर्मन मानकाने डॅशबोर्डमधल्या खाचेचे माप ठरवले: रुंदी १८० मिमी, उंची ५० मिमी. हेच सिंगल डिन. उंची दुप्पट केली की डबल डिन. या एका मापामुळे कोणत्याही कंपनीचा स्टिरिओ कोणत्याही गाडीत बसू लागला आणि घरच्या घरी बदल करणे शक्य झाले. अलीकडच्या गाड्यांत खाच त्या मापाची नसते. तेव्हा गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारी प्लॅस्टिकची फ्रेम घ्यावी लागते. महाराष्ट्रात असे सुटे सामान शोधणाऱ्यांची पावले मुंबईत लॅमिंग्टन रोडकडे आणि पुण्यात नाना पेठेकडे वळत आली आहेत.

आता दार. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागे उलट दाबाची लाट निघते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की खर्जाचे स्वर विरून जातात. घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती यासाठीच. मोटारीत पेटीचे काम दाराच्या पत्र्याला करावे लागते, आणि तो पत्रा पातळ, भोके पडलेला, थरथरणारा असतो. बाहेरून दारावर बोटाने टिचकी मारली तर डब्यासारखा टण्ण आवाज येतो. आतल्या बाजूने ब्युटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेली थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट रोलरने दाबून चिकटवली की तीच टिचकी भरीव, ठक् अशी ऐकू येते. हा बदल कानाला लगेच कळतो. स्वस्तातली डांबरी शीट घेऊ नये. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद गाडीत ती मऊ पडून ओघळते आणि वास सोडते.

दाराचे पॅड काढताना आधी हँडलमागचे आणि कडेचे स्क्रू काढायचे, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप उचकायची. थंडीत क्लिपा कडक होऊन तुटतात, म्हणून पाचसहा जादा आणून ठेवाव्यात. पॅडमागे पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो निरुपयोगी समजून फाडून टाकणे ही या कामातली नेहमीची चूक. काचेवरून ओघळलेले पावसाचे पाणी दाराच्या आतूनच खाली जाते आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडते. कागद गेला की कोकणातल्या एका पावसाळ्यात पॅड फुगते आणि पायाखालचे कार्पेट ओले होते. शीट लावतानाही तळाची भोके मोकळीच ठेवायची.

पुढच्या दारात बहुधा साडेसहा इंची स्पीकर बसतो; मागच्या पार्सल ट्रेवर सहा बाय नऊचा लंबगोल. खरेदीआधी काच पूर्ण खाली करून भोकाची खोली मोजावी, कारण स्पीकरचे चुंबक काचेला अडले तर सगळेच अडते. कोअ‍ॅक्सियल प्रकारात ट्वीटर, म्हणजे चढे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, मधोमध बसवलेला असतो आणि बसवणे सोपे जाते. कंपोनंट प्रकारात ट्वीटर वेगळा असतो. तो आरशाजवळच्या त्रिकोणात लावला की आवाज पायांपाशी न राहता समोर येतो. पैसे मोजकेच असतील तर पुढची जोडी चांगली घ्यावी आणि मागचे स्पीकर आहेत तसेच राहू द्यावेत.

वायरी जोडताना प्लस-मायनस सांभाळावे लागते. खूण पुसली गेली असेल तर दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. स्पीकरच्या दोन टोकांना सेल क्षणभर टेकवायचा: पडदा बाहेर सरकला तर सेलचे प्लस टेकले ते टोक प्लस. एका दारात जोडणी उलटी झाली तर काहीच जळत नाही, आवाजही दोन्हीकडून येतो, फक्त तबला आणि ढोलकीचा भरीवपणा नाहीसा होतो. असे झाले की लोक स्पीकरलाच नावे ठेवतात.

स्टिरिओला हात लावण्याआधी बॅटरीचे मायनस टर्मिनल काढावे. एअरबॅगच्या गाडीत त्यानंतर काही मिनिटे थांबावे आणि पिवळ्या वेष्टनातल्या एअरबॅगच्या वायरींना स्पर्शही करू नये. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुतेक सारखेच असतात. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावी फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थची. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी अशा चार जोड्या स्पीकरच्या; काळी रेघ असलेली वायर मायनस. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर गाडी बंद करताच स्टिरिओ साठवलेली स्टेशने विसरतो. दोन्ही थेट बॅटरीला जोडल्या तर तो चावी काढल्यावरही चालू राहतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. स्पीकरची मायनस वायर बॉडीला कधीच लावू नये. स्टिरिओच्या आतली आयसी (आवाज वाढवणारी चिप) जळते. गाडीची मूळ वायरिंग न कापता मॉडेलप्रमाणे मिळणारा कपलर, म्हणजे दोन्हीकडच्या वायरी जोडणारा तयार प्लग, वापरावा. वायर कापून टेप गुंडाळणारा कारागीर अर्धा तास वाचवतो, पण त्याने केलेले सांधे पुढे हादऱ्यांनी सैल होतात.

स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॉट × ४’ असे छापलेले असते. त्याचे गणित करून पाहावे. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर ४ ओहमचा असतो. एवढ्यावर प्रत्येक चॅनेलला, म्हणजे एकेका स्पीकरला, स्वच्छ आवाजाची शक्ती सैद्धांतिक हिशोबानेही २६ वॉटच्या पुढे जात नाही; प्रत्यक्षात ती वीसच्या आसपास राहते. म्हणून आरएमएस हा, सतत मिळणाऱ्या शक्तीचा, आकडा बघावा. आणि शक्ती दुप्पट केली तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल.

याहून जास्त हवे तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. त्याची जाड वायर बॅटरीपासून येते आणि तिच्यावर बॅटरीपासून साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. तो अ‍ॅम्पसाठी नसून वायरसाठी असतो: पत्र्याच्या कडेवर वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागण्याआधी फ्यूज उडतो. येथे काटकसर करू नये. अर्थ देताना रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळावा. स्टिरिओकडून येणारी सिग्नलची वायर गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने न्यावी, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येते. काम संपल्यावर गाडी बंद ठेवून बॅटरीच्या वायरीत मल्टिमीटर जोडावा. काही वेळाने प्रवाह सुमारे ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा.

शेवटी जुळणी. धावत्या गाडीत टायर आणि इंजिनाची घरघर खर्ज गिळते, म्हणून उभ्या गाडीत ठरवलेला बास रस्त्यावर कमी वाटतो. भारतात चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर त्याला जवळ पडतो. अंतरातला फरक अर्ध्या मीटरचा असेल तर तो आवाज सुमारे दीड मिलिसेकंद आधी पोचतो आणि गाणारा उजव्या गुडघ्यापाशी बसल्यासारखा वाटतो. टाइम अलाइनमेंटची सोय असलेल्या स्टिरिओत उजव्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडता येतो. मग आवाज डॅशबोर्डच्या मध्याकडे सरकतो.