करसवलतीने कारखाना खरोखरच थांबतो का?

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस येथील कॅरिअर कंपनीच्या कारखान्यात घरे उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या तयार होतात. हे उत्पादन मेक्सिकोतील मॉन्टेरे येथे हलवण्याचे कंपनीने फेब्रुवारी 2016 मध्ये जाहीर केले, तेव्हा सुमारे 1,400 नोकऱ्यांवर गदा आली आणि अध्यक्षपदाच्या प्रचाराला आयता विषय मिळाला. नोव्हेंबरअखेर नवनिर्वाचित डोनाल्ड ट्रम्प आणि इंडियानाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी समझोता घडवून आणला. त्यानुसार राज्य सरकारने 10 वर्षांत 70 लाख डॉलरपर्यंतच्या करसवलती व प्रशिक्षण अनुदान द्यायचे आणि कंपनीने शहरात 1,069 नोकऱ्या राखायच्या असे ठरले.

स्थलांतरामुळे कंपनीची वर्षाला सुमारे साडेसहा कोटी डॉलरची बचत होणार होती; सवलत मात्र वर्षाला सरासरी सात लाखांची, म्हणजे त्या बचतीच्या जेमतेम एक टक्का. एवढ्यासाठी कोणतेही संचालक मंडळ बेत बदलणार नाही. मूळ कंपनी युनायटेड टेक्नॉलॉजीजच्या उलाढालीचा साधारण दहावा हिस्सा केंद्र सरकारच्या खरेदीतून येत असे, आणि नव्या अध्यक्षांची नाराजी ओढवून घेणे तिला अधिक महागात पडले असते, असे मानायला जागा आहे.

अर्थशास्त्रज्ञांच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे: सवलत दिली नसती तर काय झाले असते? याचे उत्तर फक्त कंपनीला ठाऊक असते आणि ते लपवण्यातच तिचा फायदा असतो, कारण जिला जायचेच नाही तीही ‘निघालो’ असे म्हणू शकते. अर्थशास्त्रज्ञ टिमथी बार्टिक यांनी 2018 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सवलतीमुळे निर्णय खरोखर बदलल्याचे प्रमाण 2 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान आढळले. उरलेल्यांना सरकारने, स्पष्टच बोलायचे तर, जे होणारच होते त्याचे पैसे दिले.

त्या 1,069 नोकऱ्यांपैकीही सुमारे 300 कधीच जाणार नव्हत्या, आणि इंडियानातीलच हंटिंग्टन येथील त्याच समूहाच्या कारखान्यातील सुमारे 700 नोकऱ्या मेक्सिकोला गेल्याच. इंडियानापोलिसमध्ये जी 1.6 कोटी डॉलरची गुंतवणूक व्हायची होती, ती स्वयंचलित यंत्रांवर होईल आणि त्यामुळे पुढे नोकऱ्या कमीच होतील, हे युनायटेड टेक्नॉलॉजीजचे मुख्याधिकारी ग्रेग हेस यांनी उघडपणे सांगितले होते.

एकेका कारखान्याशी अशी घासाघीस करण्यापेक्षा देशाचा करकायदा कंपन्यांना कोणत्या दिशेला ढकलतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. परदेशातील नफा मायदेशी आणेपर्यंत अमेरिकी कंपन्यांना त्यावर बहुधा कर भरावा लागत नसे. 2017 च्या कायद्याने कंपनीकराचा दर 35 वरून 21 टक्क्यांवर आणला आणि परदेशी नफ्यावर किमान कर बसवला. पण तो बसवताना परदेशातील इमारती व यंत्रसामग्रीच्या मूल्याच्या 10 टक्क्यांइतका नफा वगळला. त्यामुळे परदेशात जितके मोठे कारखाने, तितकी मोठी सूट, असा उलटाच हिशेब झाला. ही सूट 2025 च्या कायद्याने रद्द केली.