पुढचे लोक करंट पितात का?

रब्बीतली रात्र, साडेअकराचा सुमार. मामांच्या विहिरीवर स्टार्टरच्या पेटीसमोर मी टॉर्च धरून उभा होतो. थ्री फेज लाईट दहाला आली होती, पण पेटीवरच्या व्होल्टमीटरचा काटा तीनशेच्या आसपास लटपटत होता. मामांनी हिरवं बटण दाबलं. मोटार नुसतीच घुमली, फिरली नाही, आणि चार-पाच सेकंदांत स्टार्टर खट्‌कन पडला. मामा शांतपणे म्हणाले, "पुढचे लोक सगळा करंट पिऊन टाकतात. आपल्यापर्यंत उरतोय कुठं? आपली मोटार शेवटची."

ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. ती अर्धी बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात एक फार सुंदर गोष्ट दडली आहे. त्या गोष्टीसाठी आधी ९० वर्षं मागे आणि अमेरिकेत जावं लागेल.

१९३५ साली अमेरिकेतल्या शहरांत घरोघरी दिवे होते, पण शेतावरच्या दर दहा घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. बाकीच्यांकडे रॉकेलचे कंदील, हातपंप आणि चुलीवर तापवायच्या लोखंडी इस्त्र्या. अध्यक्ष रूझवेल्ट यांचं जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज या गावी छोटं घर होतं. तिथल्या विजेचा दर युनिटला १८ सेंट, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या त्यांच्या राहत्या घराच्या जवळजवळ चौपट, हे त्यांनी पुढे १९३८ च्या एका भाषणात स्वतःच सांगितलं. खासगी वीज कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं: शहरात एका मैलात शेकडो गिऱ्हाइकं मिळतात, शेतात तीन-चार. आणि मैलभर लाईन ओढायला दीड ते दोन हजार डॉलर लागतात. हा खर्च निघणार कुठून?

११ मे १९३५ रोजी रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी सरकारी यंत्रणा उभी केली. पुढच्याच वर्षी तिला कायद्याचा आधार मिळाला. पहिले प्रमुख मॉरिस कुक हे पेशाने इंजिनिअर. स्वस्त कर्ज दिलं की खासगी कंपन्याच खेड्यांत जातील, ही सुरुवातीची अपेक्षा. कंपन्या फारशा हलल्या नाहीत. अर्ज घेऊन आले ते शेतकरी, सहकारी संस्था काढून. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या लाईनचा खर्च मैलाला हजार डॉलरच्या आत आला. तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचे भाव काही अर्ध्यावर आले नव्हते. मग हे झालं कसं? सगळी मजा इथेच आहे.

परत मामांच्या विहिरीवर येऊ. "करंट पिणं" हा शब्दप्रयोग चुकीचा, कारण मोटारीत जेवढी विद्युतधारा शिरते तेवढीच बाहेर पडते. विद्युतधारा खर्च होत नाही, खर्च होतं ते विभवांतर, म्हणजे आपण ज्याला व्होल्टेज म्हणतो ते. शाळेतला ओहमचा नियम आठवा: तारेचा रोध गुणिले तारेतला करंट म्हणजे त्या तारेवरच खर्ची पडलेले व्होल्ट. तार ही मोटारीशी एकसर जोडणीत असलेली, कुणी न मागितलेली शेगडी आहे.

आता आकडे घालू. ५ एचपीची मोटार पूर्ण लोडवर साधारण ८ अँपिअर घेते. अशा दहा मोटारी डीपीपासून, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून, एक किलोमीटरवर आहेत असं धरा. झाले ८० अँपिअर. तार समजा 'वीझल' जातीची. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९१ ओहम. ८० गुणिले ०.९१, म्हणजे ७३ व्होल्ट वाटेतच गेले. डीपीजवळ एका फेजला २४० असतील तर शेवटी १६७. तीन फेजच्या हिशेबात, म्हणजे दोन फेजमधलं व्होल्टेज मोजलं तर, ४१५ चे २९०. मामांचा काटा खोटं बोलत नव्हता.

म्हणजे मामांचं अर्ध बरोबर कुठे? पुढच्या मोटारींचा करंट त्याच तारेतून जातो, आणि त्या करंटमुळे पडणारी व्होल्टेजची घट मागच्या सगळ्यांना भोगावी लागते. पुढचे लोक काही पीत नाहीत, तार पिते. किती पिते तेही काढता येतं: एका तारेत ८० गुणिले ७३ म्हणजे साधारण ५.८ किलोवॅट, तीन तारांत मिळून साडेसतरा. एचपीत सांगायचं तर तेवीस. जवळजवळ पाच मोटारींची ताकद रात्रीची थंड हवा गरम करण्यात गेली.

वर मोटारीचा स्वभाव असा विचित्र की तिला व्होल्ट कमी मिळाले तर ती करंट जास्त ओढते, कारण पाणी तर तेवढंच उचलायचं असतं. करंट वाढला की तारेवरची घट वाढते, घट वाढली की व्होल्ट आणखी उतरतात. सुरू होताना तर आणखी वाईट, कारण मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज सत्तर टक्के, तर जोर एकोणपन्नास टक्के. निम्म्या जोरात ती फिरणार कशी? घुमते, तापते आणि स्टार्टरनं वाचवलं नाही तर वाइंडिंग जळतं.

(मोटारीला कपॅसिटर लावला की तारेतला करंट खरोखर थोडा कमी होतो, तो लावावाच. पण याच कपॅसिटरचा चिमुकला तुकडा प्लॅस्टिकच्या डबीत घालून, हिरवा दिवा लावून, "घरातल्या सॉकेटला खोचा आणि बिल चाळीस टक्के वाचवा" म्हणून विकतात. घरातलं मीटर युनिट मोजतं, आणि युनिट त्या डबीनं कमी होत नाहीत. तिच्यात खात्रीनं चालणारी एकच गोष्ट असते, तो हिरवा दिवा. याच माळेतला दुसरा मणी म्हणजे डीपीतलं तेल गुडघ्याला चोळणं. ते खनिज तेल आहे, डीपीचं वाइंडिंग थंड ठेवण्यासाठी. माणसाच्या वाइंडिंगला त्याचा उपयोग नाही.)

आता तीच ताकद ११,००० व्होल्टवर पाठवा. व्होल्टेज साडेसव्वीस पट, म्हणून करंट साडेसव्वीसावा हिस्सा: ८० च्या जागी ३ अँपिअर. तारेवरची घट तीन व्होल्टसुद्धा नाही, आणि तीही एका फेजच्या सहा हजारांतून. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती सातशेवा हिस्सा होते. साडेसतरा किलोवॅटच्या जागी फक्त २५ वॅट. जुने झिरोचे दोन बल्बसुद्धा नीट पेटणार नाहीत, एवढीच. तार तीच, मोटारी त्याच, अंतर तेच. बदललं काय, तर व्होल्टेज उतरवायची जागा. डीपी गावाजवळ न ठेवता विहिरीजवळ नेली.

अमेरिकन संस्थांनी नेमकं हेच केलं. बांधाबांधानं ७,२०० व्होल्टची लाईन न्यायची आणि प्रत्येक शेतघरासमोर खांबावर एक लहानसा ट्रान्सफॉर्मर टांगायचा. तारा दोनच, एक जिवंत आणि एक न्यूट्रल. तीन फेजचा थाट मुख्य रस्त्यापुरता. कमी दाबाची, म्हणजे कमी व्होल्टेजची, तार फक्त खांबापासून घरापर्यंत.

यातून पुढे जे झालं ते मला सगळ्यात आवडतं. करंट इतका कमी झाल्यावर तार जाड असण्याची विजेच्या दृष्टीनं गरजच उरली नाही. मग तारेकडे दोरी म्हणून बघता येतं: ती किती ताण सोसेल, एवढाच प्रश्न. आपल्याकडच्या लाईनच्या तारेचा भंगारातला तुकडा मिळाला तर त्याचं टोक पाहा. सात पदर दिसतील. चुंबक लावा: मधला एक चिकटेल, भोवतीचे सहा चिकटणार नाहीत. मधला पोलादाचा, तो ओझं वाहतो. बाहेरचे अ‍ॅल्युमिनियमचे, ते करंट वाहतात. (या तारांना आपल्याकडे प्राण्यांची नावं आहेत, ब्रिटिश पद्धतीची: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग, पँथर. अमेरिकेत तीच नावं पक्ष्यांची: स्वॅन, स्पॅरो, रेवन. तारेवर पक्षी बसतात म्हणून असावं, असं मला उगाच वाटतं.)

दोन खांबांमध्ये तार किती झोळ घेते याचं सूत्र सोपं आहे: तारेचं दर मीटरचं वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. वीझल तार मीटरला सुमारे १२८ ग्रॅम भरते. २५० किलोचा ताण देऊन ६० मीटरवर बांधली तर झोळ २३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. अंतर दुप्पट केलं, १२० मीटर, तर झोळ चौपट, चार वीत. तो वीतभरच ठेवायचा तर ताण चौपट हवा, एक टन. तिथे ही तार तुटायला येते. म्हणून व्यवहारात दोन्हींची घासाघीस करतात: थोडा झोळ सोसायचा, थोडा ताण वाढवायचा. पोलादाचा भाग जास्त घातला की ताण आणखी वाढवता येतो. आणि खांबांमधलं अंतर दुप्पट झालं की खांब निम्मे, खड्डे निम्मे, चिनी मातीचे इन्सुलेटर निम्मे, मजुरी निम्मी. दोनच तारा असल्यामुळे खांबावरचा आडवा दांडाही गळला. एक तार माथ्यावर, दुसरी खाली बाजूला. लाईन ओढण्याचं काम कारखान्यासारखं केलं: एक टोळी फक्त खड्डे घेत पुढे जायची, दुसरी खांब उभे करायची, तिसरी तार ओढायची. मैल स्वस्त झाला तो असा.

सूत्रांत दमला असाल तर आता माणसांकडे वळू. सहकारी संस्थेचं सभासदत्व बहुतेक ठिकाणी ५ डॉलरचं होतं, आणि मंदीच्या त्या काळात तेही अनेकांना जड जायचं. खांबांसाठी जमिनीतून वाट मात्र सभासद फुकट देत. आपल्या शेतातून दुसऱ्याचा खांब जाऊ देणं ही किती मोठी गोष्ट आहे ते ज्यानं बांधावरची भांडणं पाहिली आहेत त्यालाच कळेल. कित्येक संस्थांत सभासद स्वतःचं मीटर स्वतः वाचून, स्वतःचं बिल स्वतः काढून पैसे पाठवीत. रीडिंगला माणूस पाठवणं परवडणारं नव्हतं. इकडे खासगी कंपन्यांनी दुसराच डाव टाकला. संस्थेचा आराखडा जाहीर झाला की त्यातल्या चांगल्या, दाट वस्तीच्या पट्ट्यात रातोरात स्वतःच्या तारा ओढायच्या, म्हणजे उरलेल्या विरळ शेतांवर संस्था उभीच राहू नये. त्या तारांना लोकांनी दिलेल्या नावाचं मराठी मी 'खुन्नस लाईन' असं करीन.

टेक्सासच्या डोंगराळ भागात वस्ती इतकी विरळ की मैलाला तीन शेतं हा सरकारी निकषही पुरा होईना. तिथला तरुण खासदार लिंडन जॉन्सन थेट रूझवेल्टना जाऊन भेटला आणि १९३८ मध्ये कर्ज मंजूर करून घेतलं. हेच जॉन्सन पुढे अध्यक्ष झाले. पन्नासच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त शेतांवर वीज पोहोचली होती, आणि संस्थांनी बुडवलेली कर्जं नगण्य होती.

या कथेचा एक धागा आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात येतो. २५ जुलै १९६९ रोजी भारतात ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि अमेरिकन सहकारी संस्थांच्या महासंघाच्या सल्ल्यानं देशात पाच वीज सहकारी संस्था प्रायोगिक म्हणून निवडल्या गेल्या: कर्नाटकात हुकेरी, गुजरातेत कोडीनार, आंध्रात (आता तेलंगणात) सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौ, आणि महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना आधीच उभा केला होता, तेव्हा जागा अचूक निवडली होती. संस्था राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि गावोगाव वाटायची. जवळजवळ चार दशकं हे चाललं. मग २०११ च्या सुरुवातीला परवान्याची मुदत संपली आणि हा भाग महावितरणकडे गेला. तोवर घाऊक विजेच्या थकबाकीचा डोंगर झाला होता. अमेरिकन संस्थेचा दर सभासदांनीच निवडून दिलेले संचालक ठरवत. आपल्याकडे शेतीचा दर निवडणुकीच्या हवेत ठरतो आणि खरेदीचा दर दुसरीकडेच. त्या कात्रीत कुठलीही संस्था कापली जाईल असं माझं मत आहे, कारभार कसाही असो. हुकेरी आणि सिरसिल्ला मात्र अजून चालू आहेत; हुकेरी तर बेळगाव जिल्ह्यातच आहे.

तार आणि दाब यांचं गणित संस्थेवर अवलंबून नसतं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आली: एका किंवा दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटी डीपी, उच्च दाबाची तार थेट विहिरीपर्यंत. शिवाय वीजचोरीचा आकडा टाकायला उघडी कमी दाबाची तारच उरत नाही, हा वेगळा फायदा.

मामांच्या ओळीतल्या चार-पाच जणांना अशा डीप्या मिळाल्या. एक त्यांच्याच बांधावर आहे, दुधाच्या कॅनपेक्षा थोडी मोठी. बसवली त्या दिवशी त्यांनी नारळ फोडला, लिंबू-मिरचीही बांधली. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा काटा चारशेच्या पुढे स्थिर होता आणि बटण दाबताच मोटारीनं पाणी फेकलं. मी खिशातून कागद काढून ७३ व्होल्टचा हिशेब समजावायला घेतला. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला, मान डोलावली, आणि पाण्याची दारं मोडायला निघता निघता म्हणाले, "म्हणजे पुढच्या लोकांना अक्कल आली म्हणायची."