पाठीतलं इंजेक्शन आणि जन्माची कंबरदुखी

"सिझरच्या वेळी पाठीत सुई टोचली, तेव्हापासून कंबर गेली ती गेलीच." घरोघरी ऐकू येणारं हे वाक्य. पण दोष सुईचा नाही.

स्पायनलची, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करायला पाठीतून देतात त्या भुलीची, सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, शिवणाच्या सुईहून बारीक. मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली, कमरेच्या दोन मणक्यांमधल्या फटीतून ती जाते. हाडाला भोक पडत नाही. टोचल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, बहुतेकदा एवढंच. कंबर दुखते ती गरोदरपणात सैल झालेल्या सांध्यांमुळे, ढिल्या पडलेल्या पोटाच्या स्नायूंमुळे आणि मग रात्रंदिवस वाकून बाळाला पाजण्यामुळे. नॉर्मल बाळंतपण झालेल्यांचीही दुखतेच की!

सुईमुळे होऊ शकणारा त्रास वेगळाच: डोकेदुखी. छिद्रातून मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपलं, तर उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की उतरतं. १८९८ मध्ये जर्मनीत स्पायनलची सुरुवात करणाऱ्या ऑगस्ट बिअर यांनी स्वतःवरच प्रयोग करून घेतला, तेव्हा तेही असेच डोकं धरून पडले होते. हल्लीच्या पेन्सिलच्या टोकासारख्या सुयांमुळे हे क्वचितच होतं. झालंच, तर बाम चोळत न बसता भूलतज्ज्ञांना कळवा. त्यावर इलाज आहे.