पार्श्वभूमी : २,१४,७४,८३,६४७ आणि चिन्हाचा एक बिट

१९ जानेवारी २०३८ रोजी भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद होतील, तेव्हा जुन्या ३२-बिट (० किंवा १ अशा ३२ अंकांत संख्या साठवणाऱ्या) प्रणालींमधली १ जानेवारी १९७० पासूनची सेकंदांची मोजणी या संख्येवर पोहोचेल. एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी राखलेला असल्याने पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होईल आणि घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. संगणकवाल्यांची ही 'शेवटची संख्या' गणितात मात्र दोन शतके आधीच नावाजली होती.

२ चा ३१ वा घात वजा १, म्हणून ती मर्सेन संख्या. ३१ हा घातांकही त्याच साच्यातला, म्हणून दुहेरी मर्सेन. अशा मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या मर्सेनच्या १६४४ च्या प्रसिद्ध यादीत ३१ होता, पण त्याच यादीतले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले. नुसत्या यादीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. संख्या मूळ असल्याचे १७७२ मध्ये सिद्ध झाले. विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरली पाहिजे, हे ध्यानात आल्यावर तपासायला जास्तीत जास्त ३७२ संख्या उरल्या. १८११ मध्ये एका इंग्रज गणितज्ञाने तिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असते, अशी संख्या) लिहिले, की याहून मोठी कुणी शोधणार नाही, कारण उपयोग काहीच नाही.

उपयोग निघाला. १९६९ पासून यादृच्छिक संख्या तयार करताना भाजक म्हणून हीच संख्या वापरात आली, आणि तिथे तिचे मूळ असणेच कामाचे होते.

वाद आहे तो वेळेचा. सेकंद मोजायला चिन्हासह पूर्णांक का घेतला? चिन्हाचा बिट सोडून दिला असता तर मुदत २१०६ पर्यंत गेली असती, म्हणून ही मोजणी ठरवणाऱ्या, युनिक्स या संगणक प्रणालीच्या निर्मात्यांना आज सर्रास अदूरदर्शी म्हटले जाते. हे मला अन्यायाचे वाटते. सुरुवातीला मोजणी सेकंदाच्या साठाव्या भागात होती; त्या हिशेबाने ३२ बिट सुमारे सव्वादोन वर्षांतच भरले असते. त्यापुढे ६८ वर्षे म्हणजे चैनच. शिवाय त्यांच्या सी या प्रोग्रामिंग भाषेत तेव्हा बिनचिन्ही पूर्णांक नव्हता, आणि ऋण आकड्यांमुळे १९७० पूर्वीच्या तारखाही लिहिता येत होत्या. १९४७ साली जन्मलेल्याची जन्मतारीख बिनचिन्ही मोजणीत कुठे बसवणार? खरी चूक नंतरच्यांची. ६४ बिट स्वस्त झाल्यावरही त्यांनी जुने मोजमाप फाइलींत आणि यंत्रांत तसेच राहू दिले.

डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याचा व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला याच्या मोजणीने हाच आकडा गाठला, तेव्हा कुठे सामान्य माणसाच्या कानावर ही मर्यादा आली. ६४ बिटांची नवी मर्यादा गाठायला सुमारे २९,२०० कोटी वर्षे लागतील. ती संख्या, म्हणजे २ चा ६३ वा घात वजा १, मात्र मूळ नाही. तिला ७ ने भाग जातो.